सावत्र भावंडांचें नातें

सुमारें वीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही तेव्हां सेमिनरींतून नुकतेच बाहेर पडलों होतों, आणि आमच्या पहिल्याच मंडळींत एका विधुराचा पुनर्विवाह लावण्याचा प्रसंग आम्हांवर आला. त्याला पहिल्या पत्नीपासून झालेलीं दोन अपत्यें होतीं. थोरला मुलगा १२ वर्षांचा व मुलगी ९ वर्षांची. वधूही विधवा होती, व तिच्याबरोबर तिचा ७ वर्षांचा मुलगा या घरीं येत होता. विधि आटोपल्यावर, तरुण पाळकाला उपदेशाची जी हौस असते तिला अनुसरून, आम्हीं तिन्ही मुलांना जवळ बोलाविलें आणि सांगितलें, "बाळांनो, आजपासून तुम्ही सख्खीं भावंडें झालांत. तुमचा बाप एक, तुमची आई एक. सावत्र हा शब्द या घरांत कोणीं काढावयाचा नाहीं." भोंवतालच्या वडील माणसांनीं समाधानानें माना डोलाविल्या. मुलगी मात्र आमच्याकडे टक लावून पाहत होती. ती म्हणाली, "मग पाळकसाहेब, माझ्या आईची तसबीर कुठं लावायची?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. नव्या बाईच्या मनाला लागूं नये म्हणून ती तसबीर घरच्यांनीं आदल्या दिवशीं भिंतीवरून उतरवून पेटींत ठेविली होती, हें आम्हांस मागाहून समजलें. कोणाच्याही मनांत दुष्टपणा नव्हता. सर्वांनाच घर एक व्हावें अशी इच्छा होती. परंतु त्या इच्छेच्या भरांत आम्हीं एका लहान मुलीपाशीं भलतेंच मागितलें होतें. तिनें आपली आई दुसऱ्यांदा पुरावी, असें आम्हीं तिला सांगितलें होतें. तेव्हांपासून हा प्रश्न आमच्या मनांत घोळत आहे कीं, ज्यांचें रक्त एक नाहीं, किंवा अर्धेंच एक आहे, अशा भावंडांनीं एकमेकांचें काय देणें लागतें, आणि तें देणें कशानें उत्पन्न होतें?

प्रथम शब्दाचाच विचार करूं. सावत्र या शब्दाचें नातें सवत या शब्दाशीं आहे, आणि सवत म्हणजे संस्कृतांतील सपत्नी. त्याच भाषेंत सपत्न या पुल्लिंगी शब्दाचा अर्थ वैरी असा होतो. म्हणजे दोन स्त्रियांचा मत्सर शब्दांत शिरला व तो मुलांना वारशानें मिळाला. आमच्या व्रतांच्या कहाण्यांत आवडती राणी आणि नावडती राणी असतात. आजीच्या गोष्टींत सावत्र आई असते व ती मुलीला उपाशी ठेविते. ज्या मुलानें अद्याप सावत्र आई पाहिलीही नाहीं त्याला तिचें भय आधींच शिकविलेलें असतें. म्हणून आम्हीं तो शब्दच घराबाहेर काढूं पाहिला. परंतु शब्द बाहेर काढिल्यानें वस्तु बाहेर जात नाहीं. मुलाला ठाऊक असतें कीं आपल्याला जन्म देणारी कोण, शेजारीं निजणाऱ्याला जन्म देणारी कोण, आणि ताटांत पहिली भाकरी कोणाच्या पडली.

दुसरी गोष्ट अशी कीं, पुनर्विवाह करणारीं दोघें आपल्या खुषीनें बोहल्यावर चढतात, मुलें मात्र चढविलेलीं असतात. त्यांची संमति कोणीं विचारिलेली नसते. मग ज्या नात्यांत आपण स्वतः उडी घेतली नाहीं त्याचें कर्तव्य आपणांवर कसें येतें, असा प्रश्न एखाद्या विचारी मुलानें केला तर त्याला उद्धट म्हणून गप्प बसविणें बरोबर नाहीं. खरें पाहतां सख्खें भावंडही कोणीं निवडून घेतलेलें नसतें. तें पाळण्यांत पाहिल्यावर कळतें. तथापि येथें एक भेद आहे. सख्खें भावंड येतें तेव्हां आईचे लक्ष वांटलें जातें, पण आई तीच राहते. सावत्र भावंड येतें तेव्हां घरांतील एक जागा अगोदरच रिकामी झालेली असते, आणि नवें भावंड त्या रिकाम्या जागेच्या दारानें आंत येतें. मूल त्याच्याकडे संशयानें पाहतें यांत नवल तें काय? प्रेम आज्ञेनें होत नाहीं. आज्ञेनें होतो तो फार तर न्याय, आणि मुलांपाशीं प्रथम तेवढाच मागावा.

या ठिकाणीं आम्ही महाभारतांतील एका प्रसंगाचें स्मरण देतों. आमच्या कांहीं वाचकांस हें रुचणार नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु या विषयावर इतकें मार्मिक उदाहरण दुसरीकडे सहसा सांपडत नाहीं, आणि ज्या गांवांत आपण राहतों तेथील शेजाऱ्यांना तें तोंडपाठ आहे. पांडव वनवासांत असतां चौघे भाऊ एका सरोवराकांठीं मरून पडतात. यक्षाच्या प्रश्नांचीं उत्तरें दिल्यावर युधिष्ठिराला त्यांपैकीं एकाला जिवंत करून घेण्याची मुभा मिळते. तो नकुलाचें नांव घेतो. यक्षाला आश्चर्य वाटतें, कारण पुढें युद्ध व्हावयाचें आहे आणि भीमाचें बळ किंवा अर्जुनाचें धनुष्य सोडून नकुलाला मागणारा राजा वेडाच म्हणावा लागेल. युधिष्ठिराचें म्हणणें एवढेंच कीं, कुंतीचा एक पुत्र मी जिवंत आहें; माद्रीचाही एक जिवंत असावा.

आतां वाचकांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, माद्री त्या वेळीं हयात नव्हती. ती पतीमागें चितेवर गेली होती, आणि आपलीं मुलें कुंतीच्या पदरांत घालतांना तिनें असें कबूल केलें होतें कीं, मागें राहून तुझ्या मुलांना माझ्या मुलांसारखें वागविणें माझ्यानें झालें नसतें. किती प्रामाणिक बाई! ज्या दुबळेपणाचा आपण सर्व जण इन्कार करितों तो तिनें मरतेवेळीं बोलून दाखविला. युधिष्ठिराला तिच्याकडून कांहींच मिळावयाचें नव्हतें, तिचा शाप लागावयाचा नव्हता, आणि तक्रार करावयाला ती उरली नव्हती. तरी त्यानें तिची बाजू मोजली. आम्हांस यांत विशेष वाटतें तें हें कीं, आम्हीं त्या मुलीला जें सांगितलें त्याच्या अगदीं उलट त्यानें केलें. आम्ही पांचही एकाच आईचे आहों असें तो म्हणाला नाहीं. आया दोन आहेत हें तो विसरला नाहीं, आणि विसरला नाहीं म्हणूनच नकुल उठून बसला. जर त्यानें भेद पुसून टाकिला असता तर सर्व भाऊ सारखेच ठरले असते, आणि सारख्यांतून निवडावयाचें तर मग अधिक उपयोगाचा कोण एवढाच हिशेब उरला असता.

याकोबाच्या घरची कथा आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे, म्हणून ती सगळी सांगत नाहीं. चार स्त्रियांचीं मुलें एका अंगणांत वाढलीं, आणि बापानें राहेलीच्या थोरल्या मुलाला वेगळा झगा शिवला. प्रवचनांत आम्ही बहुधा योसेफाच्या क्षमेवर भर देतों. परंतु सावत्र भावंडांच्या दृष्टीनें त्या घरांतील मोठा माणूस योसेफ नसून यहूदा होय. हाच तो लेआचा मुलगा, ज्यानें योसेफाला मारण्याऐवजीं विकावें अशी युक्ति काढिली व २० रुपयांचा सौदा घडवून आणिला. पुष्कळ वर्षांनीं मिसर देशांत राहेलीच्या धाकट्या मुलावर, बन्यामिनावर, चोरीचा आळ येतो, आणि त्याला गुलाम म्हणून मागें ठेवावयाचें ठरतें. तेव्हां पुढें होणारा यहूदाच असतो. याच्या जागीं मला ठेवा, असें तो म्हणतो.

त्यापूर्वीं तो अधिकाऱ्यापुढें बापाचे शब्द सांगतो, ते नीट पाहावे. बाप म्हणाला होता कीं माझ्या बायकोला दोन मुलें झालीं. दोनच! लेआचे सहा मुलगे जणूं त्या बायकोचेही नव्हत आणि त्या घरचेही नव्हत. हे शब्द यहूदाच्या तोंडून बाहेर पडतात तेव्हां त्यांत कुरकुर नाहीं. आपला बाप पक्षपाती आहे, तो मेला तरी बदलणार नाहीं, आपल्या आईला त्यानें कधीं बायको म्हणून मनापासून मानिलें नाहीं, हें सर्व यहूदाला ठाऊक आहे. हें सर्व पोटांत घालून तो दुसरीच्या मुलासाठीं गुलाम होण्यास तयार होतो. आम्ही गृहस्थांस नेहमीं सांगतों कीं आईबापांनीं समभाव ठेविला तर मुलें आपोआप एक होतात. तें बरेंचसें खरें आहे. पण आईबापांनीं समभाव नाहीं ठेविला तर काय? तर मुलांचा मार्ग खुंटला, असें यहूदाकडे पाहून म्हणतां येत नाहीं. बापानें जें बिघडविलें तें भावानें सांवरिलें.

सर्वत्र असें होतें असें मात्र कोणी समजूं नये. यिफ्ताहाला त्याच्या सावत्र भावांनीं घराबाहेर हांकून दिलें, कारण तो परक्या बाईचा व त्याला बापाच्या इस्टेटींत वाटा द्यावयाचा नव्हता. पुढें लढाई अंगावर आली तेव्हां गिलादाचे वडील त्याच्याच दारीं गेले. इश्माएल व इसहाक यांची लहानपणींच फारकत झाली, व ते पुन्हां एकत्र दिसतात ते मक्पेलाच्या गुहेंत बापाला मूठमाती देतांना. त्या दिवशीं ते एकमेकांशीं काय बोलले हें लिहिलेलें नाहीं. आमच्या गांवांतही अशीं कितीतरी भावंडें आहेत कीं ज्यांची भेट स्मशानांतच होते.

महाराष्ट्राच्या इतिहासांत तर हा प्रश्न राजवाड्यांत शिरलेला दिसतो. शहाजीराजे १६६४ सालीं वारले. त्यांच्या दक्षिणेंतील दौलतीबद्दल जिजाबाईंचे पुत्र शिवाजी महाराज व तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्यांत वाद पडला, व १६७७ सालीं दोघे भाऊ प्रत्यक्ष भेटले तरी तो मिटला नाहीं, लढाईपर्यंत गेला. पुढील पिढींत, १६८० सालीं, संभाजीराजांना वगळून त्यांचे धाकटे सावत्र बंधु राजाराम यांस गादीवर बसविण्यांत आलें. राजाराम तेव्हां १० वर्षांचे. त्यांचा दोष काय? मोठ्या माणसांनीं मुलाला पुढें करून भांडावें हा प्रकार झोंपडींतही असाच असतो. परंतु १६८९ सालीं संभाजीराजे मारले गेले व रायगडाला वेढा पडला, तेव्हां त्यांच्या पत्नी येसूबाई यांनीं काय केलें तें पाहा. स्वतःचा मुलगा शाहू जवळ असतां त्यांनीं त्याच राजारामांना गडाबाहेर निघून राज्य राखण्याचा सल्ला दिला, असें बखरी सांगतात. गड पडला, आणि मायलेंकरें मोंगलांच्या कैदेंत गेलीं. शाहू १७०७ सालीं सुटले. येसूबाई १७१९ सालीं. ज्याच्या नांवानें आपल्या नवऱ्याची गादी हिरावली जात होती त्याच्यासाठीं इतकीं वर्षें कैद सोसणें ही सामान्य गोष्ट नव्हे. आणि तरीसुद्धां शाहू परत आल्यावर राजारामांच्या पत्नी ताराबाई व शाहू यांच्यांत गादीसाठीं लढाई झालीच. एका पिढीचा त्याग दुसरीच्या कामीं आयता पडत नाहीं, हें दुःखानें मान्य केलें पाहिजे.

रक्ताचें कांहीं एक नातें नसतां जीं भावंडें होतात त्यांच्याविषयींही थोडें लिहावयास पाहिजे. मानलेला भाऊ किंवा मानलेली बहीण करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. दोरा बांधण्यास क्षण लागतो, आणि पुष्कळ दोरे दिवाळी येईपर्यंत विसरले जातात. परंतु पंडिता रमाबाई यांनीं १८८९ सालीं शारदा सदन उघडलें आणि पुढें १८९७ च्या दुष्काळानंतर केडगांवास शेंकडों मुलींना आसरा दिला, तेव्हां त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा हिला आपली आई किती जणींबरोबर वाटून घ्यावी लागली असेल याचा आम्ही पुष्कळदां विचार करितों. शारदा सदन उघडलें त्या वेळीं ती ८ वर्षांचीही नव्हती. मोठ्या माणसांच्या औदार्याची किंमत घरचें मूल देतें, ही गोष्ट आम्ही उपकारी माणसें सोयीस्करपणें विसरतों. मनोरमाबाईंनीं ती किंमत दिली, व मोठेपणीं त्याच संस्थेंत आईच्या खांद्याला खांदा लावून आपलें आयुष्य वेंचिलें.

आम्हांस याचा थोडा अनुभव आहे. आम्ही लहान असतां आमच्या वडिलांनीं एक पोरका मुलगा घरीं आणिला. तो आमच्याच वयाचा, पण अंकगणितांत आमच्याहून पुष्कळ हुशार होता, आणि वडील रोज संध्याकाळीं त्याची पाटी आम्हांस दाखवीत. तो जावा म्हणून आम्ही त्या काळीं प्रार्थनाही केली असेल. आतां लाज वाटते. एके दिवशीं ओढ्यावर कांहीं पोरांनीं त्याला भाकरीचा चोर म्हटलें, आणि आम्हीं त्यांपैकीं एकाला दगड मारिला. का मारिला हें आम्हांस तेव्हां कळलें नाहीं. वडिलांनीं आम्हांस त्याबद्दल छडी दिली, व तो शेजारीं उभा राहून रडला. त्यानंतर प्रार्थना बंद झाली.

कायद्याविषयीं दोन शब्द सांगणें जरूर आहे, कारण आमच्या मंडळींतील पुष्कळ लोक यांत फसतात. आपल्या लोकांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा पूर्ण रक्ताचा व अर्ध्या रक्ताचा असा भेद करीत नाहीं. एका बापाचीं वा एका आईचीं भावंडें त्याच्या दृष्टीनें सख्ख्यांसारखींच. (१९५६ च्या हिंदु वारसा कायद्यांत मात्र, इतर सर्व बाबी सारख्या असल्यास, पूर्ण रक्ताच्या वारसाला अग्रहक्क आहे.) परंतु ज्या मुलाचें मृताशीं रक्ताचें नातें नाहीं, जें केवळ आईबरोबर घरांत आलें, त्याला मृत्युपत्रावांचून किंवा कायदेशीर दत्तकविधानावांचून सावत्र बापाच्या मिळकतींत कांहींच मिळत नाहीं. त्यानें २० वर्षें बापाबरोबर नांगर धरिला असला तरी नाहीं. म्हणून ज्या गृहस्थानें असें मूल आपलें म्हटलें असेल त्यानें तें कागदावरही म्हणावें, आणि तें प्रकृति चांगली असतांना म्हणावें.

आमच्या त्या पहिल्या मंडळींतील गृहस्थानें तें केलें नाहीं. तो भला माणूस होता, पण मृत्युपत्र लिहिलें कीं मरण येतें अशी त्याची समजूत होती, व ती समजूत घेऊनच तो दोन वर्षांपूर्वीं वारला. मध्यंतरीं त्या घरांत काय काय घडलें तें सर्व येथें सांगण्यास जागा नाहीं. लग्नानंतर महिन्याभरांतच त्या नव्या बाईनें पेटी उघडून ती तसबीर बाहेर काढिली, पदरानें पुसली व पूर्वीच्याच खिळ्यावर लाविली. आणि आपल्या पहिल्या नवऱ्याची तसबीर तिच्या शेजारीं लाविली. हें तिला कोणीं सुचविलें नव्हतें, आम्हीं तर नाहींच. पुढें त्या जोडप्याला एक मुलगी झाली. ती चालूं लागल्यावर दोन्ही तसबिरींकडे बोट दाखवून हे कोण म्हणून विचारी, आणि तीन मोठीं भावंडें आपापल्या परीनें तिला सांगत. भांडणें होत, मार बसत, अबोला धरला जाई. सख्ख्यांत होतें तेवढें सर्व होई.

बाप वारल्यावर चार खणांचें घर राहिलें. कायद्यानें त्यांतील तिसरा हिस्सा विधवेचा आणि बाकीचा तीन मुलांचा. आईबरोबर आलेल्या त्या मुलाचें नांव कोठेंच नाहीं. विधवेनें आपला हिस्सा त्याला लिहून देण्याची तयारी दाखविली. परंतु थोरला भाऊ तयार होईना. त्याचें म्हणणें असें कीं, आईनें दिलें तर तो तिचा मुलगा म्हणून या घरांत राहील, आणि आम्हीं दिलें तर आमचा भाऊ म्हणून राहील; आईनें आपलें आपल्यापाशीं ठेवावें. तेव्हां थोरला भाऊ व त्याच्या पाठची बहीण या दोघांनीं आपापल्या हिश्शांतून त्याला बक्षीसपत्र करून देण्याचें ठरविलें, आणि साक्षीला आम्हांस बोलावणें पाठविलें.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर दस्तलेखकानें देणारांचीं व घेणाराचीं नांवें विचारलीं, मग नातें विचारलें. थोरला म्हणाला, "भाऊ." दस्तलेखक खूष झाला. भावाला दिलेल्या बक्षीसपत्राला मुद्रांक कमी लागतो, असें त्यानें सांगितलें, आणि लेखणी उचलली. इतक्यांत त्याचें लक्ष बापांच्या निरनिराळ्या नांवांकडे गेलें. तो जरा थांबून हळूच म्हणाला कीं, साहेब एवढें बारकाईनें पाहत नाहींत, नुसतें भाऊ असेंच राहूं द्यावें, पैसे वांचतील. थोरला आमच्याकडे पाहूं लागला. आम्ही खालीं पाहिलें, कारण फरक थोडाथोडका नव्हता, आणि त्या घरची स्थिति आम्हांस ठाऊक होती.

बहीण तान्हें मूल मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. ती तेथूनच म्हणाली, "सावत्र लिहा. पाळकसाहेबांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं, लिहायचं नाही असं कुठं सांगितलंय?" आणि ती हंसली. तो धाकटाही हंसला.

दस्तांत सावत्र भाऊ असें लिहिलें गेलें, मुद्रांक पुरा भरण्यांत आला, आणि खालीं साक्षीदार म्हणून आम्हीं सही केली.